तळघरबाई आणि सोळा पट्ट्या

आमच्या संस्थेत त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. कॉम्प्युटर अडला, प्रिंटरने कागद गिळला की लोक म्हणायचे, "तळघराला बोलवा." मग पाचेक मिनिटांत त्या जिना चढून वर यायच्या. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात पेचकस, चिमटा, खोडरबर आणि एक मऊ ब्रश. काम झालं की डब्याचं झाकण दाबून बंद करायच्या, "बघा आता" एवढंच म्हणायच्या आणि खाली निघून जायच्या. सही घ्यायचीसुद्धा पुष्कळदा राहून जायची, कारण ज्याचं काम झालेलं असे तो तोवर कामाला लागलेला असे.

मी दुसऱ्या मजल्यावर स्टोअर सांभाळायचो. बँडेजच्या पेट्यांपासून पेनच्या रिफिलपर्यंत जे आत येई आणि जे बाहेर जाई, ते सगळं माझ्या वहीतून जाई. आमच्या संस्थेच्या नर्स अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करायच्या. चाळीस नर्स, चाळीस लॅपटॉप. रुग्णाच्या घरी बसून तपासायचं, तिथल्या तिथे नोंद करायची, असा नियम.

बाईंची खोली खरंच तळघरात होती. तिथे मोठी यंत्रं चोवीस तास चालायची आणि ती तापू नयेत म्हणून एसी कायम लावलेला. त्यामुळे बाहेर अंगाची लाही होत असतानासुद्धा बाईंच्या अंगात तपकिरी स्वेटर. त्या टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. पुढे टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले आणि ते दुरुस्त करायला कोणी नव्हतं, तेव्हा यांनीच एक उघडून बघितला. तिथून जे तळघरात गेल्या ते एकोणीस वर्षं तिथेच. लोकांची ओळख त्यांना कीबोर्डवरून होती. कोणाच्या कळांमध्ये चुरा सापडतो, कोणाचे केस, कोण रागाने एंटर आपटतं, हे त्यांना पाठ. त्या लोकांशी बोलायची वेळ मात्र क्वचित यायची.

त्यांची आई नऊ वर्षं अंथरुणात होती. त्या काळात बाई साडेपाचाच्या ठोक्याला निघायच्या, जवळपास पळतच. आई गेली. त्यानंतरही त्या साडेपाचालाच निघायच्या, पण माझ्या खिडकीतून बसथांबा दिसायचा, म्हणून मला माहीत आहे: त्यांची बस यायची, त्या उठायच्या नाहीत. दुसरी यायची, तीही जाऊ द्यायच्या. तिसरीत चढायच्या. मी हे कितीदा तरी पाहिलं आणि खिडकी लावून घरी गेलो. एक धाकटा भाऊ होता, लांबच्या गावी. तो रविवारी फोन करायचा. "बरी आहेस ना?" "बरी आहे." "काही लागलं तर सांग." "सांगते." एवढं झालं की दोघांनाही पुढचं सुचायचं नाही. आईचं आणि भावाचं त्यांनी मला पुष्कळ नंतर सांगितलं. तेव्हा मला त्यांच्याबद्दल स्वेटर आणि बसथांब्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं.

मी सांगतोय त्या वर्षी नोंदी ठेवायचा नवा प्रोग्रॅम आला आणि चाळीसही लॅपटॉप बैलगाडीसारखे चालू लागले. रुग्णाचं पान उघडेपर्यंत रुग्ण झोपून जाई, असं नर्स म्हणायच्या. वरून ठरलं की सगळ्यांची मेमरी वाढवायची. लॅपटॉपच्या पोटात मेमरीच्या पट्टीसाठी दोन खाचा असतात. एकीत कंपनीची पट्टी होती, दुसरी मोकळी. मोकळ्या खाचेत तेवढ्याच क्षमतेची नवी पट्टी बसवायची, एवढंच काम. चाळीस पट्ट्या मागवल्या गेल्या, माझ्याकडे आल्या, मी त्या एका खोक्यात भरून तळघरात पाठवल्या.

बाईंनी पाच दिवसांत चाळीस यंत्रं केली. रोज आठ. मागचे अकरा स्क्रू काढायचे, आधी बॅटरीची तार सोडवायची, पट्टी तिरकी आत सरकवायची आणि दोन्ही बाजूंच्या पितळी पकडी टक् करून बसेपर्यंत अंगठ्याने दाबायची. मग सुरू करून बघायचं, मेमरी दुप्पट दिसते का. चाळीसही ठिकाणी दुप्पट दिसली. लॅपटॉप पळायला लागले. नर्सना बरं वाटलं, आणि तळघराची आठवण काढायचं कोणाला काही कारण उरलं नाही.

पंधरा दिवसांनी एक लॅपटॉप परत आला. काम करता करता पडदा निळा होतो आणि बंद पडतो. मग दुसरा आला. महिन्याभरात सात झाले. बाईंनी एकेक टेबलावर घेतला. पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरने पुसल्या, पुन्हा बसवल्या. मेमरी तपासणारा प्रोग्रॅम सकाळी लावला, संध्याकाळपर्यंत चालू ठेवला. एक चूक सापडली नाही. पट्ट्यांची अदलाबदल केली, नवी जुनीच्या खाचेत, जुनी नवीच्या. तरी काही नाही. सातही लॅपटॉप सहीसलामत म्हणून वर गेले आणि आठवड्यात सातही परत आले.

"तळघरात नेलं की शहाण्यासारखं वागतं," एक नर्स माझ्यासमोरच म्हणाली. "आमच्या हातात आलं की अंगात येतं. बाई नुसतं झाकण उघडून लावत असतील."

हे बाईंच्या कानावर गेलं असणार. त्याच दुपारी त्या स्टोअरमध्ये आल्या. मी हातमोज्यांच्या पेट्या मोजत होतो.

"एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "नव्या पट्ट्या सगळ्या एकाच खेपेतल्या होत्या ना?"

"एकच माल, बाई. चाळीस मागवल्या, चाळीस आल्या," मी म्हणालो. मान वर न करता.

त्या गेल्या.

यानंतर मोठ्या सिस्टरचं प्रकरण झालं. मोठ्या सिस्टर म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या नर्स. एकतीस वर्षं नोकरी, चार महिन्यांवर निवृत्ती, जिभेला हाड नाही आणि कामात कसूर नाही. त्यांच्या हद्दीतल्या एका आजींच्या पाठीची जखम चिघळली, त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. आजींच्या मुलाने तक्रार केली की सिस्टर त्या आठवड्यात आल्याच नाहीत, आल्या असत्या तर जखम वेळीच कळली असती. मुलगा दिवसभर कामावर असायचा, आजींना वार आठवत नव्हता. संस्थेने नोंद उघडली, तर त्या दिवसाचं पान कोरं.

"मी गेले होते," सिस्टर म्हणाल्या. "जखम धुतली, पट्टी बदलली, डॉक्टरांना दाखवा म्हणून लिहिलं. लिहिता लिहिता मशीन गेलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा गेलं. पुढची चार घरं वाट बघत होती. म्हटलं संध्याकाळी लिहू, आणि राहिलं."

"तळघराच्या कागदावर तुमचं मशीन ठीक आहे," मेट्रन म्हणाल्या. दहा दिवसांनी चौकशी ठेवली.

मोठ्या सिस्टर तडक तळघरात उतरल्या आणि लॅपटॉप बाईंच्या टेबलावर ठेवला.

"तुमच्या कागदावर हे बरं आहे."

"इथे बरं आहे," बाई म्हणाल्या.

"मग इथे कशाला बघता? आम्ही कधी पेशंटला इथे बोलावून तपासतो का? तो जिथे पडलाय तिथे जातो. तुम्ही चला माझ्याबरोबर."

बाईंना कोणी बरोबर चला म्हटल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. त्यांनी वरून परवानगीचा कागद आणला, स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला आणि बुधवारी सकाळी सिस्टरच्या मागोमाग निघाल्या.

पहिल्या दोन घरी लॅपटॉप सुरळीत चालला. सिस्टरचा चेहरा उतरत चालला होता, कारण लॅपटॉपला नेमकं आजच शहाणपण सुचलं होतं. तिसरं घर एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होतं. तिथे एक म्हातारे गृहस्थ दोन वर्षं कमरेखाली अधू होऊन पडलेले. आयुष्यभर एका मोठ्या इमारतीत त्यांनी लिफ्ट चालवली होती आणि राहायचे ते मात्र बिनलिफ्टच्या घरात. खोलीत पलंग, औषधांचं कपाट आणि एक खुर्ची. खुर्चीवर सिस्टरने सामान मांडलं, म्हणून बाई पलंगाच्या कडेवर टेकल्या.

"या नवीन सिस्टर का?" आजोबांनी विचारलं.

"नाही, मी मशीन बघते," बाई म्हणाल्या.

"मग माझंही बघा की. चौथ्या मजल्यावर अडकलंय, खाली जाईना."

बाईंना हसू आलं. सिस्टर मला नंतर म्हणाल्या, ही बाई हसते हे मला त्या दिवशी कळलं.

सिस्टर त्यांची पाठ तपासत होत्या आणि आजोबा बाईंशी बोलत होते. लिफ्टमध्ये माणूस शिरतो आणि लगेच पाठ फिरवून दाराकडे तोंड करतो. तीस वर्षं मी नुसत्या माना बघितल्या, ते म्हणाले. मानेवरून माणूस ओळखायचो. बाई म्हणाल्या, मी कीबोर्डवरून ओळखते. मग त्यांनी कोणाच्या कळांखाली काय काय सापडतं ते सांगितलं, आणि आजोबांनी एक टक्कल पडत गेलेला साहेब कसा वर्षागणिक ओळखू येईनासा झाला ते. सिस्टरने मध्ये एकदा घड्याळाकडे पाहिलं.

लॅपटॉप दुलईवर उघडा होता, कारण दुसरी जागाच नव्हती. सिस्टर गुडघे टेकून लिहीत होत्या. पस्तिसाव्या मिनिटाला पडदा निळा झाला.

"बघा," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं की आजोबांनी विचारलं, "बरं झालं का काही?"

बाईंनी लॅपटॉप उचलला आणि तळाला हात लावला. हात चटकन मागे घेतला. बाजूची जाळी, जिथून पंखा गरम हवा बाहेर टाकतो, ती दुलईत बुडलेली होती.

"नेहमी असंच ठेवता?"

"टेबल असतं कुठे या घरांत? मांडीवर नाहीतर अंथरुणावर."

निघताना आजोबा म्हणाले, "मशीन बिघडलं की येत जा." बाई "हो" म्हणाल्या.

दुपारी त्या स्टोअरमध्ये आल्या. "एक ब्लँकेट पाहिजे."

"थंडी वाजते का खाली?" मी विचारलं.

"मला वाजते. मशीन मात्र गारव्यातच बरं असतं, हे मला उशिरा कळलं."

मी चिठ्ठीवर सही घेतली आणि ब्लँकेट दिलं. त्यांनी काय केलं ते मी नंतर ऐकलं. त्यांनी लॅपटॉप तळघरातून काढून शेजारच्या जुन्या फायलींच्या कोंदट खोलीत नेला, ब्लँकेटवर ठेवला आणि मेमरीची तपासणी लावली. पन्नास मिनिटांनी पडद्यावर लाल ओळी यायला लागल्या. एक, तीन, चाळीस. थंड खोलीत दिवसभरात जे सापडलं नव्हतं ते इथे तासाभरात वर आलं.

आता खराब पट्टी कुठली ते शोधायचं. नवी काढली, एकट्या जुनीवर तपासणी केली, त्याच ब्लँकेटवर, तितकाच वेळ. स्वच्छ. जुनी काढून एकटी नवी लावली. तीही स्वच्छ. खाचा बदलून पाहिलं. स्वच्छ. दोन्ही एकत्र लावल्या की लाल ओळी. दोन दिवस त्यांनी हे उलटसुलट केलं. पट्टी खराब नाही, खाच खराब नाही, आणि तरी दोघी एका ठिकाणी आल्या की बिघडतंय. जेवायचा डबा त्यांनी तिथेच फायलींवर ठेवून खाल्ला. एकदा काहीतरी न्यायला मी त्या खोलीत डोकावलो, तर त्या जमिनीवर बसल्या होत्या, पाठ भिंतीला, आणि ब्लँकेटवरच्या लॅपटॉपकडे बघत होत्या. आईच्या उशाशी त्या अशाच बसत असतील, असं मला आज वाटतं. त्या दिवशी मी फाइल घेतली आणि निघालो.

मग त्यांनी ज्याची कधीच तक्रार आली नव्हती असा एक लॅपटॉप मागवला, त्याची नवी पट्टी काढली आणि दोन नव्या पट्ट्या शेजारीशेजारी ठेवल्या. लेबलवर क्षमता तीच, वेग तोच. भिंग घेतलं. एकीवर आठ काळ्या चिप होत्या, दुसरीवर चार मोठ्या. लेबलच्या शेवटी बारीक अक्षरांत एक आकडा असतो, त्याकडे कोणी पाहत नाही. आठ चिपवालीवर सतरा होता, चार चिपवालीवर एकोणीस. लॅपटॉपमधल्या जुन्या पट्टीवरही सतराच होता.

मला त्यांनी ते असं समजावलं. यंत्राने काही मागितलं की एक पट्टी सतरा ठोक्यांनी उत्तर देते, दुसरी एकोणीस. यंत्राने दोघींना मिळून एकच ताल धरायचा असतो. बहुतेक यंत्रं धीम्या पट्टीला सांभाळून घेतात आणि काम चालतं. आपल्या लॅपटॉपना ते धड जमत नव्हतं. गार असताना निभायचं, तापल्यावर एखादा ठोका चुकायचा, आणि एक ठोका चुकला तरी मांडलेलं सगळं पुसलं जातं.

त्यांनी तीन दिवसांत चाळीसही लॅपटॉप उघडून पाहिले. चार चिपवाल्या पट्ट्या सोळा निघाल्या. तक्रारीचे सातही लॅपटॉप त्या सोळांतले.

मग त्या पुन्हा स्टोअरमध्ये आल्या. "आवक वही दाखवता का?"

मी वही काढली. माझ्याच अक्षरात दोन नोंदी होत्या. चोवीस, आणि चार दिवसांनी सोळा. सोळांचं चलन फाइलला लावलेलं होतं आणि त्यावर पुरवठा करणाऱ्याने हाताने लिहिलं होतं: मूळ माल शिल्लक नसल्याने समकक्ष देत आहोत, जुन्या पट्टीसोबत लावण्यापूर्वी तपासून घ्यावे. ते मी वाचलं नव्हतं, किंवा वाचून सोडून दिलं होतं. फळीवर जागा नव्हती म्हणून दोन्ही पाकिटं एका खोक्यात ओतली होती. चाळीस मागवल्या, चाळीस आल्या.

बाईंनी चलन वाचलं. तारखा उतरून घेतल्या. "हं," म्हणाल्या आणि वही मिटून माझ्यासमोर ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ते पाहण्यापेक्षा वाईट होतं.

इलाज त्यांनी असा केला की काही विकत घ्यावं लागलं नाही. त्या सोळा लॅपटॉपमधून सगळ्या पट्ट्या काढल्या. आठ लॅपटॉपमध्ये दोन्ही जुन्या घातल्या, आठांत दोन्ही चार चिपवाल्या. प्रत्येक लॅपटॉप ब्लँकेटवर ठेवून तपासला. सोळाही पास झाले. शिवाय मोठ्या सिस्टरच्या यंत्रातून त्यांनी एक गोष्ट बाहेर काढली. लॅपटॉप स्वतःची एक रोजनिशी ठेवतो, कधी सुरू झाला, कधी अचानक बंद पडला. त्या तक्रारीच्या दिवशी तिथे लिहिलेलं होतं: अकरा वाजून आठ मिनिटांनी सुरू, अकरा बेचाळीसला अचानक बंद, अकरा पन्नासला सुरू, बारा वाजून सहा मिनिटांनी पुन्हा अचानक बंद. सिस्टरच्या फेरीच्या तक्त्यात आजींची वेळ अकरा ते बारा होती.

चौकशीला मलाही बोलावलं होतं, मालाचा संबंध म्हणून. लांब टेबलापलीकडे मेट्रन, मुख्य अधिकारी आणि आणखी दोघं. बाई दोन पानांचा अहवाल घेऊन आल्या होत्या, स्वेटर घालून. अधिकाऱ्यांनी वेळांची ओळ वाचली, तक्त्याशी ताडून पाहिली आणि मेट्रनकडे सरकवली. दहा मिनिटांत मोठ्या सिस्टरचा विषय संपला. सिस्टर पदराने चष्मा पुसत राहिल्या.

"मग चूक कोणाची?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "पट्ट्या दोन खेपांच्या होत्या. बसवल्या मी. बसवण्याआधी प्रत्येक पट्टी उलटून बघायला हवी होती. बघितली नाही."

मी त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. चलन माझ्या फाइलमध्ये होतं, फाइल माझ्या मांडीवर होती. मी तोंड उघडलं आणि खोकलो. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. चार दिवसांनी बाईंना मेमो मिळाला, यापुढे दक्षता घ्यावी. त्यांनी सही करून परत पाठवला.

मेमो माझ्याच टेबलावरून गेला, कारण कागदांची जावक वहीही माझ्याकडेच होती. त्या रात्री मला घास गेला नाही असं लिहिलं तर खोटं होईल, मी नीट जेवलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळघरात उतरलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खोली माझ्या अंदाजापेक्षा लहान होती आणि गारठलेली. बाई एका कीबोर्डच्या कळा काढून धूत होत्या.

"मी वर लिहून देतो," मी म्हणालो. "चलन माझ्याकडे होतं. तुम्ही विचारलं तेव्हा मी मुद्दाम खोटं बोललो नाही, पण बघितलंही नाही."

त्यांनी कळा पंचावर पसरल्या. "लिहायचं तर लिहा. मेमोचं मला काही नाही. तो फाइलमध्ये राहील आणि मी निवृत्त होईन."

"मग?"

"मी विचारलं तेव्हा तुम्ही मान वर केली असती तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "बाकी काही नाही."

मी वर लिहून दिलं. मलाही तसाच मेमो मिळाला. बाईंचा मात्र कोणी मागे घेतला नाही. आमच्याकडे कागद काढत नाहीत, त्यावर दुसरा लावतात.

त्या आठवड्यात मी त्यांना म्हणालो, जेवायला वर येत जा, स्टोअरमध्ये निदान ऊन असतं. त्या म्हणाल्या, "जेवताना बोलायची मला सवय राहिलेली नाही." मी म्हणालो, मला आहे, दोघांपुरती. त्या आल्या. कधी यायच्या, कधी नाही. आल्या की डबा उघडायच्या, आणि माझी बडबड ऐकता ऐकता मधूनच काहीतरी सांगायच्या, त्याला मागचापुढचा संदर्भ नसायचा. भावाच्या फोनचं असंच एकदा सांगितलं. आई शेवटी शेवटी त्यांना ओळखायची नाही आणि "बाई, तुमचं घर कुठे?" असं विचारायची, तेही असंच.

मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हिचं पूर्ण नाव काय हो? भाषणात घ्यायचंय." मला आडनाव तेवढं माहीत होतं. हजेरीपटात बघून सांगेपर्यंत भाषण सुरू झालं होतं, आणि सिस्टर म्हणाल्या, "आमच्या तळघरबाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई मागच्या रांगेत होत्या, त्यांनीही वाजवल्या.

पुढे एका दुपारी डब्याचं झाकण लावता लावता त्या म्हणाल्या, "शनिवारी मी त्या लिफ्टवाल्या आजोबांच्या गल्लीत गेले होते."

"कसे आहेत?"

"वर नाही गेले. खाली उभी राहिले थोडा वेळ आणि परत आले."

"अहो, मग वर का नाही गेलात?"

"ते विचारतील, मशीन बिघडलंय का. नाही म्हटल्यावर पुढे काय बोलायचं?"

मी एवढंच म्हणालो की आजोबांकडे जाणारी नवी सिस्टर बोलत नाही म्हणतात, काम करते आणि जाते.

बाईंनी ऐकलं. दोन आठवडे त्यांनी तो विषय काढला नाही. तिसऱ्या सोमवारी म्हणाल्या, "गेले होते. सुनेने दार उघडलं. ते झोपलेले होते. बसले मी खुर्चीवर अर्धा तास."

"उठवायचं नाही का?"

"कशाला? गाढ झोपले होते."

त्यानंतर त्या शनिवारी जात राहिल्या. संस्थेच्या कुठल्याही तक्त्यात त्या फेऱ्या नाहीत. कधी आजोबा बोलायच्या मनःस्थितीत असत, कधी नसत, कधी भिंतीकडे तोंड करून पडून राहत आणि बाई त्यांच्या मानेकडे बघत बसत. सुनेला सुरुवातीला वाटलं की या संस्थेच्याच कोणी असतील. नंतर तिने विचारणं सोडलं आणि चहा ठेवायला लागली. सात महिन्यांनी आजोबा गेले. बाईंना ते शनिवारी दारातच कळलं. त्या आत गेल्या नाहीत, सुनेचा हात धरला आणि जिना उतरून आल्या. सोमवारी जेवताना मला सांगितलं आणि वर एवढंच म्हणाल्या, "चौथा मजला फार उंच आहे, पाय दुखायचे माझे."

मी पुढच्या वर्षी निवृत्त झालो, त्या त्यानंतर दोन वर्षांनी. आपल्या निरोपाचं त्यांनी कोणाला कळवलं नव्हतं, मला नंतर कळलं. आता मी त्यांना रविवारी फोन करतो, भावाचा फोन होऊन गेल्यावर. पहिले काही महिने आमचंही "बऱ्या आहात ना" आणि "बरी आहे" याच्या पुढे जात नव्हतं. अलीकडे त्या विचारतात, आज काय मोजलंत. मी निवृत्त माणूस, मोजायला माझ्याकडे काही नाही. तरी मी काहीतरी शोधून ठेवतो, समोरच्या इमारतीच्या खिडक्या, पायऱ्या, जे असेल ते, आणि आकडा सांगतो. त्या तिकडून म्हणतात, "पुन्हा मोजा, तुमचा भरवसा नाही," आणि फोन ठेवतात.